वेढ्यातील नगर आणि चलच्चित्राची साक्ष

(१)

बखरीतील विधान आपण जसेच्या तसे स्वीकारीत नाही. बखर कोणी लिहिली, कोणाच्या आज्ञेवरून लिहिली, प्रसंग घडल्यानंतर किती वर्षांनी लिहिली, हे प्रश्न विचारल्यावाचून तिचा उपयोग करू नये, ही शिस्त राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला तेव्हापासून आपल्या अभ्यासात रुजत आली आहे. चलच्चित्राच्या बाबतीत मात्र ही शिस्त आपण सहज विसरतो. पडद्यावर बर्फाने भरलेला रस्ता दिसतो, त्यावरून कोणी घसरगाडी ओढीत नेताना दिसते, आणि प्रेक्षक म्हणतो, 'हे घडले.' ते घडले याविषयी शंका घेण्याचे सहसा कारण नसते. परंतु जे घडले त्याचा अर्थ काय, आणि कोणत्या मोठ्या घटनेचा अंश म्हणून ते आपल्यापुढे मांडले गेले आहे, हेही त्या दृश्यातच लिहिलेले असते असे आपण गृहीत धरतो, आणि चूक होते ती येथे.

प्रस्तुत निबंधात दुसऱ्या महायुद्धातील दोन वेढ्यांच्या चित्रीकरणाचा विचार करावयाचा आहे. एक, सप्टेंबर १९३९ मधील वॉर्साचा वेढा. दुसरा, ८ सप्टेंबर १९४१ पासून २७ जानेवारी १९४४ पर्यंत, म्हणजे ८७२ दिवस चाललेला लेनिनग्राडचा वेढा. पहिल्यात एका परक्या माणसाने काही दिवस कॅमेरा चालविला. दुसऱ्यात नगरातीलच छायालेखकांनी संपूर्ण वेढाभर चित्रण केले. दोन्ही ठिकाणी रणभूमीपेक्षा नागरिकांचे जीवन हा चित्रणाचा मुख्य विषय झाला. प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे. म्हणून युद्धाचा इतिहास सांगण्याचा अधिकार तो घेत नाही. चित्रित दृश्य साक्ष देते म्हणजे नेमके काय करते, आणि ती साक्ष कोठे संपते, एवढाच त्याचा प्रश्न आहे.

(२)

या प्रश्नाला हात घालण्यापूर्वी आपल्या परंपरेतील एका विचाराची आठवण करून देणे उपयुक्त ठरेल. पदांचा समूह वाक्य केव्हा होतो, याचा विचार करताना मीमांसकांनी व नैयायिकांनी आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी अशा तीन अटी सांगितल्या आहेत. एका पदाला दुसऱ्याची अपेक्षा असावी लागते. नुसती नामे एकापुढे एक ठेवली तर वाक्य होत नाही. त्यांचा संबंध अर्थदृष्ट्या शक्य असावा लागतो; विस्तवाने झाडे शिंपता येत नाहीत. आणि ती पदे जवळ जवळ उच्चारलेली असावी लागतात. एक पद सकाळी व दुसरे दुपारी उच्चारले तर ऐकणाऱ्याला वाक्यार्थ लागत नाही.

चलच्चित्राची जोडणी करणारा मुख्यतः सन्निधीचा उपयोग करतो. रशियातील चित्रपटविचारक लेव्ह कुलेशोव्ह याने १९२० च्या सुमारास केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. एका नटाचा तोच निर्विकार चेहरा त्याने निरनिराळ्या दृश्यांशेजारी ठेवला, आणि प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक तर कधी शोक दिसला. येथे चेहरा हे एक पद, पुढील दृश्य हे दुसरे पद, आणि त्यांच्यातील आकांक्षा प्रेक्षकाने स्वतःहून पुरविलेली. वेढ्याच्या चित्रणात हीच क्रिया घडते, फरक इतकाच की तेथील चेहरे नटांचे नसतात.

दृश्याच्या शक्तीला आणखी दोन मर्यादा आहेत. पहिली काळाची. चित्रित दृश्याला भूत, वर्तमान, भविष्य असे रूपभेद नाहीत. पडद्यावर सारे काही नेहमीच 'चालू' असते. दुसरी मर्यादा नकाराची. भाषेत 'घरात पाव नाही' हे म्हणणे अगदी सोपे आहे. दृश्यात 'नाही' म्हणण्याची सोय नाही. रिकामे फडताळ दाखविले तर प्रेक्षकाला फडताळ दिसते, आणि त्यात काय असावयास हवे होते ते त्याचे त्याने ओळखावयाचे असते. वेढा ही तर मुख्यतः नसण्याची कथा. अन्न नाही, सरपण नाही, उजेड नाही, बाहेर जाण्याची वाट नाही. जे नाही त्याचे चित्र घेण्याची वेळ ज्या छायालेखकांवर आली त्यांची अडचण किती मूलभूत होती, हे यावरून लक्षात येईल.

(३)

वॉर्साच्या वेढ्याचे चित्रण करणारा ज्युलियन ब्रायन हा अमेरिकन अनुबोधपटकार ७ सप्टेंबर १९३९ रोजी त्या नगरात पोहोचला. जर्मनीने पोलंडवर आक्रमण केल्यास तेव्हा एक आठवडाही झाला नव्हता, आणि परदेशी वकिलातींतील माणसे व वार्ताहर नगर सोडून जात होते. नगराध्यक्ष स्टेफान स्टाझिन्स्की यांनी त्याला मोटार, वाटाड्या व दुभाषी मिळवून दिला. एका वेढलेल्या नगराच्या प्रमुखाने ऐन बॉम्बवर्षावात एका छायालेखकासाठी मोटार राखून ठेवावी, यावरून या चित्रणाची किंमत त्यांना किती कळली होती हे दिसते. ब्रायनने पडलेली घरे, पावासाठी लागलेल्या रांगा, रस्त्यावर संसार मांडून बसलेली कुटुंबे आणि रुग्णालयातील नवजात बालके यांचे चित्रण केले. १५ सप्टेंबर रोजी त्याने वॉर्साच्या नभोवाणीवरून आपल्या देशबांधवांना उद्देशून मदतीचे आवाहनही केले. तटस्थ देशांच्या नागरिकांना बाहेर पडता यावे म्हणून तोफा काही वेळ थांबल्या, तेव्हा २१ सप्टेंबरला तो चित्रफिती घेऊन नगराबाहेर पडला. २८ सप्टेंबरला वॉर्साने शरणागती पत्करली.

ब्रायनच्या चित्रणातील एक प्रसंग जगभर माहीत झाला. नगराच्या कडेला एका शेतात काही स्त्रिया बटाटे खणीत होत्या. जर्मन विमानांनी प्रथम जवळच्या घरावर बॉम्ब टाकले आणि नंतर खाली येऊन त्या उघड्या शेतावर गोळ्या झाडल्या. मारल्या गेलेल्या एका स्त्रीची धाकटी बहीण थोड्या वेळाने तेथे आली. मृत्यू कशाला म्हणतात हे त्या मुलीने तोवर पाहिले नव्हते. बहीण बोलत का नाही, हे तिला उमगेना. ती ओणवी होऊन बहिणीकडे पाहत असल्याचे जे छायाचित्र ब्रायनने घेतले, ते ज्याने पाहिले आहे त्याला विसरता येणार नाही.

आता या दृश्यात प्रत्यक्ष काय आहे? एक मोकळे शेत, जमिनीवर पडलेली स्त्री, जवळ एक मुलगी. विमान त्या चौकटीत नाही. बटाटे खणणे संपलेले आहे. ती दोघी बहिणी आहेत हे चौकटीत नाही. 'कोणी मारले' आणि 'काय करीत असता मारले' या दोन्ही गोष्टी, म्हणजे वाक्यातील कर्ता आणि प्रसंग, ब्रायनच्या शब्दांनी पुरविल्या आहेत. त्याने हे शब्द प्रामाणिकपणे पुरविले. तो स्वतः तेथे उभा होता. १९४० मध्ये 'सीज' या नावाने सुमारे दहा मिनिटांचा जो लघुपट प्रसिद्ध झाला त्यातील निवेदनही त्याचेच आहे. हा लघुपट त्या वर्षीच्या अकादमी पुरस्कारासाठी नामांकित झाला, आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश करण्यात आला. त्याचा श्रोता निश्चित होता. जो देश अजून युद्धात उतरलेला नव्हता, त्या देशातील नागरिकाला 'ही माणसे तुमच्यासारखीच आहेत' एवढे सांगण्यासाठी ही वाक्ये रचलेली आहेत. म्हणून त्यात सैनिक थोडे, आणि चूल, पाळणा व रांग यांना महत्त्व अधिक.

त्याच नगराचे दुसरे चित्रण आकाशातून झालेले आहे. हान्स बेर्ट्राम याने जर्मन हवाई दलाच्या पोलंडमधील मोहिमेवर केलेला 'फॉयरटाउफे', म्हणजे अग्निदीक्षा, हा चित्रपट १९४० मध्येच प्रदर्शित झाला. त्यात वॉर्सा विमानातून दिसते. धूर दिसतो, छप्पर उडालेल्या इमारतींच्या ओळी दिसतात. पण शेतातील स्त्री दिसण्याइतके ते विमान कधी खाली येत नाही. दोन्ही चित्रणांतील नगर एकच, महिना एकच, आणि दोहोंतील दृश्ये खरीच. एकाने माणसाच्या उंचीवरून पाहिले, दुसऱ्याने पाहण्याची उंचीच अशी निवडली की माणूस दिसू नये. दृश्य खरे आहे की खोटे, एवढ्याच प्रश्नावर थांबणाऱ्या अभ्यासकाला या दोन चित्रपटांतील भेद सांगता येणार नाही.

(४)

लेनिनग्राडचे चित्रण याहून अधिक गुंतागुंतीचे आहे. वेढा सुरू झाला तेव्हा नगरात सुमारे २५ लाख माणसे होती. ८ सप्टेंबर १९४१ रोजी जमिनीवरील शेवटची वाट बंद झाली, आणि त्याच दिवशी बॉम्बवर्षावात बादायेव्ह येथील अन्नाची कोठारे जळाली. पुढे पावाचा शिधा कमी कमी होत गेला. २० नोव्हेंबरपासून २५ डिसेंबरपर्यंत तो सर्वांत खाली आला : कामगाराला दिवसाला २५० ग्रॅम; कचेरीतील नोकर, आश्रित आणि मुले यांना १२५ ग्रॅम. त्या पावातही पिठाबरोबर इतर पदार्थ मिसळलेले असत. डिसेंबरात ट्रॅमगाड्या थांबल्या, घरांतील वीज गेली, नळ गोठले. न्यूरेंबर्गच्या खटल्यात उपासमारीच्या बळींचा आकडा ६,३२,२५३ असा देण्यात आला. पुढील संशोधकांनी एकूण मृतांचे अनुमान आठ ते दहा लाखांपर्यंत नेले आहे.

या काळात लेनिनग्राडच्या वृत्तपट स्टुडिओतील छायालेखक काम करीत होते. ते त्याच नगरात, त्याच थंडीत आणि त्याच उपासमारीत राहत होते. ब्रायनप्रमाणे बाहेर पडण्याची तारीख त्यांच्यापुढे नव्हती. खासगी व्यक्तीला परवान्यावाचून छायाचित्र घेण्याची मनाई असल्यामुळे नगराचे जे चित्र उरले ते बहुतेक अशा नेमलेल्या माणसांच्या हातचे आहे. त्यांचे साधन म्हणजे हातात धरून चालविण्याचा, किल्लीने ताण दिलेल्या स्प्रिंगवर चालणारा ३५ मिलिमीटरचा कॅमेरा. अशा कॅमेऱ्यात साधारणतः ३० मीटर फीत मावते, आणि ती सुमारे एका मिनिटात संपते. प्रत्येक ताणाबरोबर तर काही सेकंदांचेच चित्रण होते. ध्वनिग्रहणाची सोय त्यात नाही. म्हणजे वेढ्यातील एकही बोल या फितींवर चित्राबरोबर उमटलेला नाही. पडद्यावर ऐकू येणारा प्रत्येक आवाज नंतर घातलेला आहे.

परंतु सर्वांत मोठी मर्यादा उजेडाची होती. साठाव्या अक्षांशावरील त्या नगरात डिसेंबरातील दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. त्या वेळच्या फितीची संवेदनशीलता अल्प. कृत्रिम प्रकाशावाचून घरातील दृश्य तिच्यावर उमटणे कठीण. वीज नाही, खिडक्या फळ्यांनी व कागदांनी बुजविलेल्या, घरात एक मिणमिणती वात. आणि माणसे मुख्यतः मेली ती तेथे, त्या काळोख्या खोल्यांत, पांघरुणाखाली, आवाज न करता. रस्ता हा मृत्यूचा अपवाद होता, नियम नव्हता. कॅमेऱ्याला मात्र रस्ताच दिसू शकत होता. म्हणून लेनिनग्राडचा दुष्काळ आपल्याला ज्या रूपात माहीत आहे तो रस्त्यावरील दुष्काळ आहे : नेव्हस्की मार्गावर बर्फात अडकून राहिलेल्या ट्रॉलीबसगाड्या, नेवा नदीच्या गोठलेल्या पृष्ठभागावरील भोकातून पाणी काढणारी माणसे, आणि कापडात गुंडाळलेली लांबट गाठोडी वाहून नेणाऱ्या घसरगाड्या. खोलीतून दफनभूमीपर्यंतच्या प्रवासातील शेवटचा तुकडा तेवढा फितीवर आला.

पावाच्या तुकड्याचीही गोष्ट अशीच. तराजूत ठेवलेला १२५ ग्रॅमचा तुकडा चित्रात घेता येतो. तो तुकडा लहान आहे हेही दिसते. परंतु तो 'दिवसभराचा' आहे, आणि त्याखेरीज दुसरे जवळजवळ काहीच मिळणार नाही, हे कोणत्याही दृश्यात दिसत नाही. त्या तुकड्याचा अर्थ संपूर्णपणे 'दिवसभराचा' या एका विशेषणात साठवलेला आहे, आणि ते विशेषण भाषेनेच पुरवावे लागते.

येथे तान्या साविचेवा या मुलीच्या नोंदवहीची आठवण होते. १९३० मध्ये जन्मलेल्या या मुलीने डिसेंबर १९४१ पासून मे १९४२ पर्यंत आपल्या घरातील सहा माणसांचे मृत्यू नऊ पानांत नोंदविले, आणि १९४४ मध्ये ती स्वतःही गेली. नोंदी अगदी थोड्या शब्दांच्या आहेत. कोण, कोणत्या तारखेला, कोणत्या वेळी, एवढेच बहुधा त्यांत आहे. नाव, काळ आणि भूतकाळी क्रियापद या ज्या तीन गोष्टी दृश्याला सांगता येत नाहीत, नेमक्या त्याच तीन गोष्टी या मुलीने लिहिल्या. ज्या खोल्यांत छायालेखक जाऊ शकला नाही त्या खोलीतून ही नोंदवही आलेली आहे. ती व हजारो मीटर लांबीच्या त्या फिती एकमेकींशेजारी ठेवल्यावाचून वेढ्याचे वाक्य पुरे होत नाही.

(५)

या चित्रणाची पहिली मोठी जोडणी १९४२ च्या वसंतात झाली. 'लेनिनग्राडचे संरक्षण' या अर्थाच्या नावाचा हा चित्रपट एप्रिलमध्ये नगरातील पक्षनेतृत्वापुढे दाखविण्यात आला. तेव्हा आंद्रेई झ्दानोव्ह हे त्या नेतृत्वाचे प्रमुख होते. त्यांना चित्रपट पसंत पडला नाही. माणसांची दुर्बलता व नगराची दैना त्यात अधिक आली आहे, लढणाऱ्या नगराचा निर्धार कमी आला आहे, संगीतही खिन्न आहे, असा आक्षेपांचा रोख होता. तो चित्रपट त्या स्वरूपात बाहेर आला नाही. स्पेनच्या यादवी युद्धात माद्रिदचे चित्रण करून नाव मिळविलेला रोमान कार्मेन, आणि त्याच्याबरोबर येफिम उचितेल, कोमारेव्हत्सेव्ह व सोलोव्हत्सोव्ह, यांच्या दिग्दर्शनाखाली नवी जोडणी होऊन 'झुंजणारे लेनिनग्राड' या अर्थाच्या नावाने चित्रपट जुलै १९४२ मध्ये प्रदर्शित झाला.

या फेरजोडणीकडे केवळ सरकारी दडपशाही म्हणून पाहणे अपुरे होईल. वेढा चालू होता. शत्रू त्या नगराच्या उपासमारीवरच भिस्त ठेवून होता. नगर मोडले आहे असे सांगणारे कोणतेही चित्र त्याच्या उपयोगाचे होते. प्रेक्षकांत सैनिक होते, त्यांची कुटुंबे नगरात होती. नेतृत्वाची भीती सर्वस्वी खोटी नव्हती. तसेच भूक या चित्रपटात अजिबात नाही असेही नाही. घसरगाड्या आहेत, पाण्यासाठी वाकलेली माणसे आहेत, बर्फाखाली गाडलेल्या गाड्या आहेत. महत्त्वाचे आहे ते त्यांचे स्थान. भुकेची दृश्ये येतात ती लवकरच लाडोगा सरोवराच्या गोठलेल्या पृष्ठभागावरून धान्य आणणाऱ्या मोटारींना, तोफा बनविणाऱ्या कारखान्यांना आणि वसंतात रस्ते साफ करणाऱ्या नागरिकांना वाट करून देण्यासाठी. १५ एप्रिल १९४२ रोजी प्रवाशांची ट्रॅम पुन्हा सुरू झाली, ही घटना खरी. तिचा लोकांना झालेला आनंदही खरा. परंतु व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर येथे भूक गौण वाक्यात गेली आणि झुंज मुख्य वाक्य झाली. 'जरी लोक उपाशी होते, तरी नगर झुंजले', असे ते मिश्र वाक्य आहे. ते असत्य नाही. मात्र 'नगर झुंजले, तरी लोक उपाशी मेले' हे वाक्यही त्याच फितींतून, एकही दृश्य न बदलता, रचता आले असते. आणि पहिल्या जोडणीचा रोख कदाचित तिकडे होता, म्हणून ती नाकारली गेली.

दुसऱ्या वाक्याला युद्धानंतरही फार काळ वाव मिळाला नाही. नगराच्या संरक्षणाचे जे संग्रहालय लेनिनग्राडमध्ये उभारले होते ते १९४९ मध्ये, तेथील पक्षनेत्यांवर झालेल्या कारवाईच्या काळात, बंद करण्यात आले. ते पुन्हा उघडले १९८९ मध्ये. फिती मात्र स्टुडिओच्या संग्रहात राहिल्या. न वापरलेले दृश्य नष्ट झाले नाही तर ते पुढील वाक्याची वाट पाहते, एवढा लाभ या साधनात आहे.

(६)

ते पुढील वाक्य सर्गेई लोझ्नित्सा याने २००५ मध्ये रचले. 'ब्लोकादा' या त्याच्या ५२ मिनिटांच्या चित्रपटात त्याच संग्रहातील चित्रण आहे, परंतु निवेदन नाही, संगीत नाही, तारखा नाहीत. फुगवलेले प्रचंड बलून हाताने ओढीत रस्त्यांतून नेणाऱ्या स्त्रिया, रांगेने नेलेले जर्मन कैदी, बर्फ, प्रेते, घसरगाड्या, आणि अखेरीस विजयाची रोषणाई, अशा क्रमाने तो जातो. त्यानंतर एक दृश्य येते : ५ जानेवारी १९४६ रोजी त्याच नगरात, मोठ्या गर्दीसमोर, जर्मन युद्धगुन्हेगारांना दिलेली फाशी. विजयाच्या दृश्यावर थांबण्याची सवय असलेल्या प्रेक्षकाला हा शेवट अस्वस्थ करतो. रोषणाई आणि फाशी ही दोन पदे शेजारी आली, आणि त्यांतील संबंध जोडण्याचे काम प्रेक्षकावर सोपविले गेले.

निवेदन काढून टाकल्यामुळे हा चित्रपट 'नुसते वास्तव' दाखवितो, असा समज होणे शक्य आहे. तो बरोबर नाही. मूळ चित्रण मुके होते. लोझ्नित्साच्या चित्रपटात पावलांचे, घसरगाडीच्या पट्ट्यांचे, गर्दीच्या अस्पष्ट कुजबुजीचे जे आवाज आहेत ते सर्व एकविसाव्या शतकात तयार केलेले आहेत. अस्सल दृश्याला जोडलेला तो नवा ध्वनी आहे. त्याचा हेतू फसवणुकीचा नाही. ही रीत त्याने लपविलेलीही नाही. पण ध्वनी दृश्याइतकाच खरा वाटतो, आणि प्रेक्षकाला आपण ऐकतो आहोत ते १९४२ चे नगर आहे असे वाटू लागते. १९४२ च्या नगराचा खरा आवाज कोणता होता हे आपल्याला अंशतः माहीत आहे. घराघरांत तारेने जोडलेले ध्वनिक्षेपक होते, आणि कार्यक्रम नसेल तेव्हा त्यांतून तालमापकाचे ठोके ऐकू येत; ठोके संथ असले तर भय नाही, जलद झाले तर हवाई हल्ला. काळोख्या खोलीत पडलेल्या माणसाला बाहेर नगर जिवंत आहे हे त्या ठोक्यांवरून कळे. ज्या खोलीत कॅमेरा पोहोचला नाही त्या खोलीत आवाज पोहोचत होता. म्हणून वेढ्याचे चित्र आणि वेढ्याचा ध्वनी यांची साक्ष दोन वेगवेगळ्या स्थळांची आहे, आणि एकावर दुसरा चढविताना ही गोष्ट डोळ्यांआड होते.

तात्पर्य, १९४२ चा चित्रपट बोलतो आणि २००५ चा मौन धरतो, एवढ्यावरून दुसरा अधिक प्रमाण ठरत नाही. मौनही कोणाचे तरी असते आणि कोणासाठी तरी असते. पहिला चित्रपट वेढ्यात असलेल्या माणसांना धीर देत होता. दुसरा, वेढा न पाहिलेल्या माणसांना धीराच्या त्या सवयीतून बाहेर काढू पाहतो.

(७)

पदव्युत्तर वर्गात या विषयाची चर्चा करताना प्रस्तुत लेखकाने विद्यार्थ्यांना एक लहानसे काम दिले होते. घसरगाडीचे एक दृश्य, वीस सेकंदांपेक्षा मोठे नसेल, दाखवून त्याचे एका वाक्यात मराठी वर्णन लिहावयास सांगितले. बहुतेकांनी 'एक आई आपल्या मुलाचे प्रेत ओढीत नेते' असे किंवा याच धर्तीचे वाक्य लिहिले. दृश्यात आई नव्हती. डोक्यापासून पायांपर्यंत कपड्यांनी लपेटलेली एक व्यक्ती होती. मूल नव्हते, कापडात बांधलेले काहीतरी लांबट होते. प्रेत हा शब्दही अनुमानाचा होता, जरी ते अनुमान बहुधा बरोबर असले तरी. एका विद्यार्थिनीने वहीत काहीच लिहिले नाही. विचारले तेव्हा ती म्हणाली, "सर, ओढतो लिहू की ओढते, तेच ठरेना." वर्ग हसला, परंतु त्या दिवशीचे सर्वांत नेमके निरीक्षण तिचेच होते. मराठी क्रियापद लिंग विचारल्यावाचून पुढे जाऊ देत नाही. उपासमारीने आणि थंडीने त्या माणसांचे असे काही केले होते की कॅमेऱ्याला त्याचे उत्तर देता येत नव्हते. 'ती व्यक्ती ओढते आहे' असे लिहून व्याकरणाची अडचण सुटते, पण त्या माणसाविषयीचे अज्ञान तेथेच राहते. आणि ते तसे राहू देणे हीच अभ्यासकाची पहिली जबाबदारी आहे.

यावरून चलच्चित्राचा इतिहाससाधन म्हणून उपयोग करणाऱ्याने काही प्रश्न क्रमाने विचारावेत असे सुचवावेसे वाटते. प्रथम, चौकटीत प्रत्यक्ष काय आहे, याची नोंद अनुमानाचे शब्द टाळून करावी. दुसरे, ते चित्रण कोणी, कोणत्या परवानगीने, कोणत्या उजेडात आणि किती लांबीच्या फितीवर केले, हे पाहावे. कारण काय दिसू शकत नव्हते ते यावरून कळते. तिसरे, त्या दृश्याच्या आधी व नंतर काय जोडले आहे, आणि जोडणी कोणत्या श्रोत्यासाठी आहे, याचा शोध घ्यावा. चौथे, ध्वनी केव्हाचा आहे हे तपासावे. आणि शेवटी, जे चौकटीबाहेर राहिले त्याची साक्ष देणारी दुसरी साधने, रोजनिशा, शिधापत्रिका, दफनभूमीच्या नोंदी, त्या दृश्याशेजारी आणून ठेवावीत. हे न केल्यास मृतांपैकी जे बहुसंख्य काळोख्या खोल्यांत गेले ते आपल्या इतिहासातूनही वगळले जातात, आणि वगळले गेल्याचे आपल्याला कळतही नाही.

वॉर्साची एक गोष्ट सांगावयाची राहिली. नगराध्यक्ष स्टाझिन्स्की यांना जर्मनांनी ऑक्टोबर १९३९ मध्ये पकडले, आणि पुढे त्यांची हत्या झाली; त्यांनी ज्याला मोटार दिली त्या छायालेखकाचे काम त्यांना पडद्यावर पाहावयास मिळाले नाही. ब्रायन मात्र १९५८ मध्ये वॉर्साला परत गेला. तेथील एका सायंदैनिकाने त्याची १९३९ मधील छायाचित्रे छापून, यांत आपण स्वतःला किंवा आपल्या माणसाला ओळखता काय, असे वाचकांना विचारले. काही माणसे पुढे आली. शेतातील ती मुलगीही भेटली. ती आता प्रौढ स्त्री होती. एकोणीस वर्षे ज्या चित्रांविषयी दुसऱ्यांनी वाक्ये रचली होती त्यांत दिसणारी माणसे प्रथमच स्वतः बोलू लागली, आपली नावे सांगू लागली, त्या दिवशी घरून का निघालो होतो ते सांगू लागली. लेनिनग्राडच्या घसरगाड्यांमागे दिसणाऱ्या माणसांपैकी बहुतेकांना असा प्रश्न विचारण्यास कोणी आले नाही, आणि आता त्यांतील फारच थोडी माणसे उरली असतील. त्यांच्या दृश्यांखाली नाव लिहिण्याची जागा अजून रिकामी आहे. ती आपल्या कल्पनेने भरू नये, आणि ती रिकामी आहे हे विसरूही नये.